उंच केलेली जीप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते आत्ता, मी हे लिहितोय तेव्हा, बाहेर ओट्यावर शेंगा फोडत बसलेत. माझे वडील. आबा.

आबा फौजेत ड्रायव्हर होते. बर्फात, वाळूत, दिवे बंद ठेवून त्यांनी गाड्या हाकल्या. निवृत्त होऊन वडूजजवळच्या आमच्या गावी आले आणि लिलावातून एक जुनी जीप घेतली, वयानं माझ्यापेक्षा मोठी. आई तिला सवत म्हणायची आणि बाजाराच्या दिवशी तिच्यातच नटून बसायची. गावात कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की आमच्या दाराशी हाक यायची. आबा जेवत असले तरी हात धुऊन उठायचे. त्यांना दुसरं काही येत नव्हतं असं नाही – पण त्यांना कशाचा अभिमान होता म्हणाल, तर एवढाच. आपल्या हातून कधी कुणाला खरचटलं नाही.

आता माझं. वडूजला माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. जुन्या गाड्यांची हौस असलेले आम्ही काही मित्र रविवारी जमायचो – कधी खंडाळ्याकडे, कधी आटपाडीच्या माळावर. सगळ्यांच्या जीपा उंच केलेल्या. त्या रांगेत आमची बुटकी दिसायची. मित्र हसायचे. चाळिशीचा बाप्या मी – आणि ते हसणं मला लागायचं. हसू येतंय ना तुम्हाला? यावंच.

सांगलीच्या एका गॅरेजवाल्यानं मला सगळं समजावून सांगितलं होतं. चाकांवरचे कमानपाटे बदलले की गाडी वीतभर उंच होते, पण मग वळणावर झुकते. आणि मूळ गाडीत असा बदल परवानगीशिवाय कायद्यात बसत नाही. “पासिंग जवळ आलंय न्हवं? आधी गाडी पास करून घ्या, मग या,” तो म्हणाला.

मी तसंच केलं. साताऱ्याला आरटीओत एकटाच गेलो. तपासणाऱ्या साहेबांनी वाकून खालून बघितलं, गाडी फिरवून बघितली आणि खूश झाले. “अगदी मूळची ठेवलीय. अशीच राहू द्या,” म्हणाले. मी मान डोलावली – आणि तिथून थेट सांगली गाठली.

घरी आलो तेव्हा आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

“उंच दिसती रं.”

“नवे पाटे आहेत, आबा. पासिंगसाठी बदलावे लागले. बसतील हळूहळू. साहेबांनी बघूनच पास केलीय.”

खरं सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी पाटे उतरवायला लावले असते. म्हणून खोटं बोललो. त्यांनी मडगार्डवर हात ठेवला आणि म्हणाले, “सायबानं बगितलंय म्हंजे झालं.” तपासून पास झालेल्या गाडीवर शंका घ्यायची नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. माझ्यावर शंका घ्यायची – ते तर त्यांच्या मनातही येणार नव्हतं.

पुढच्याच महिन्यात ते आईला घेऊन आटपाडीला माझ्या बहिणीकडे निघाले. एका वळणावर अचानक मेंढरांचा कळप आडवा आला. आबांनी जन्मभर जसं चाक फिरवलं होतं तसंच फिरवलं. पूर्वीची बुटकी जीप वळली असती. ही झुकली, आणि बाजूच्या रानात आडवी झाली. मेंढरं वाचली. मेंढक्यानं आईला ओढून बाहेर काढलं. तिच्या खांद्याचं हाड मोडलं होतं.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा आबा बाकावर बसून स्वतःचे हात बघत होते.

“माजा हात गेला रं,” ते म्हणाले. “गाडी चांगली हुती. सायबानं पास केल्याली. माजाच हात गेला.”

मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांचे ते हात हातात घेतले, चोळले, पाणी पाजलं. सगळं केलं. एक वाक्य तेवढं बोललो नाही. बोलायला काय लागलं असतं?

जीप गुपचूप सांगलीला नेऊन जुने पाटे परत घातले. ती घरी आली तेव्हा आबा लांबूनच म्हणाले, “बसलं बग पाटं.” चावी माझ्या हातात ठेवली आणि त्यानंतर कधी चाकाला हात लावला नाही. गावातून हाक आली तर म्हणायचे, “पोराला न्या. माजं काय खरं न्हाई आता.” हळूहळू हाका यायच्या थांबल्या.

आईचं हाड जुळलं. पण आबा तसेच राहिले. माझी मुलगी सई लहानपणी आबांच्या मांडीवर बसून चाक धरायची. गाडी शिकवीन तर मीच, असं ते तिला म्हणायचे. अठराची झाली तशी ती चावी घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. आबांनी तिची मूठ चावीवर मिटवली. मग म्हणाले, “माज्याकडनं नको, बाळ. आजीला पाडलंय मी.”

मी दारात चपला घालत होतो. सगळं ऐकलं. आणि म्हणालो, “क्लास लावू की आपण.”

हाच माझा गुन्हा. पाटे बदलले ते नव्हे – ते बेकायदेशीर होतं, मूर्खपणाचं होतं, पण उलटवता आलं. आबांचा हात चुकला नव्हता. ते एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी त्यांना म्हातारं होऊ दिलं.

या वर्षी पुन्हा पासिंग आलं. आबा म्हणाले, मीबी येतो. डावीकडे बसून आले. गाडी पास झाली. परत निघताना त्यांनी बॉनेटवर हात फिरवला. “गाडीत कायबी खोट न्हाई बग,” म्हणाले, आणि बसले.

घरी येईपर्यंत, दर वळणाला, मांडीवर ठेवलेला त्यांचा उजवा हात किंचित वळत होता. अगदी बरोबर वेळेला. मी बघत होतो. गप्प गाडी चालवत होतो.