लेकीची जट

दार मी उघडलं आणि आधी वाटलं, हिच्या डोक्याला काहीतरी लागलंय. येनाच्या विद्यापीठातून सुट्टीला आलेली माझी एकुलती एक लेक जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या आमच्या घराच्या दारात उभी होती, पाठीवर सॅक, चेहऱ्यावर हसू, आणि खांद्यांवर केसांच्या जागी दोरखंडं. जाड, खरखरीत, टोकांना लोकर सुटलेली. तिचे कुरळे केस लहानपणी मी रोज सकाळी तेल लावून विंचरायचे आणि रोज सकाळी ती रडायची. तेच केस आता कुठलाही कंगवा आत शिरणार नाही असे होऊन आले होते.

"ड्रेडलॉक्स," ती म्हणाली. "छान ना?"

कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दिवसभर लोकांच्या चुका शोधते, आणि नवऱ्याच्या मते घरी आल्यावर तो ओव्हरटाइम चालू ठेवते. त्या दिवशी मात्र मी एकही चूक काढली नाही. मुलीचं नवं काही दिसलं की मी आधी चिडते, ती माझी रीत आहे. या वेळी मी घाबरले होते, आणि का घाबरले ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

माझ्या आत्याला जट होती. मिरजेजवळच्या आमच्या गावात, वडिलांची धाकटी बहीण. तेराव्या-चौदाव्या वर्षी ताप येऊन अंथरुणाला खिळली, उठली तेव्हा केसांचा गुंता झाला होता. साधं तेल आणि चार दिवसांची चिकाटी पुरली असती. पण कुणीतरी म्हणालं, देवी आली, आणि संपलंच. कापायचं नाही, विंचरायचं नाही, मंगळवार-शुक्रवार हळदकुंकू वाहायचं. लग्नाचं नाव घरात निघेनासं झालं. जट वाढत वाढत कमरेखाली गेली, ओली झाली की दोन दिवस वाळायची नाही, आणि आत्याची मान एका बाजूला कलली ती कायमची. मी लहान असताना एकदा तिनं माझा हात धरून त्या जटेखाली नेला. आत कातडी चिकट आणि गरम होती, आणि उवा होत्या. ती कुजबुजली, "मला कापायचीय गं." घरातल्या मोठ्यांना देवीच्या कोपाची भीती आणि आत्याला त्या मोठ्यांची. ती जट घेऊनच गेली.

सासरी हे मी कधी बोलले नाही. लग्न जमताना आईनंच सांगितलं होतं, आत्याचा विषय काढू नकोस. पुढे तो तसाच गिळलेला राहिला.

लेक आली तेव्हा सासूबाई कोल्हापूरहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. पदराला हात पुसत त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, नातीकडे बघत राहिल्या आणि त्यांनी चक्क हात जोडले. मग आत जाऊन देवघरातली कोयरी घेऊन आल्या, नातीला खुर्चीवर बसवलं आणि एकेका दोरखंडाला हळदकुंकू लावलं.

"कापायची नाही हं कुणी," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "आपणहून आलीय."

"अहो आई, आपणहून कुठली? मैत्रिणीनं क्रोशाच्या सुईनं केलीय ती."

"निमित्त कुणीतरी लागतंच."

नवरा हसत सुटला. लेक तर हरखूनच गेली. आजीचं सगळं मराठी तिला कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये जातं. "आल्झो, म्हणजे हे आपलंच आहे?" तिनं मला विचारलं. "आपल्या परंपरेतलं?" मी म्हटलं, जेवायला बस. हळदकुंकू लावलेल्या केसांचा फोटो तिनं त्याच दिवशी मित्रमैत्रिणींना पाठवला.

थंडी सुरू होता होता तिचा फोन आला. विद्यापीठात वंशवादाविरुद्ध विद्यार्थ्यांचा एक कार्यक्रम होता आणि सूत्रसंचालन तिच्याकडे होतं. काही काळ्या विद्यार्थ्यांनी हरकत घेतली होती. ज्या केसांपायी आम्हाला हिणवलं जातं, ते केस हौस म्हणून मिरवणारी मुलगी आमच्या वतीनं मंचावर नको, असं त्यांचं म्हणणं. आयोजकांनी मधला मार्ग काढला होता: आधी यावरच खुली चर्चा. लेक फोनवर रडत होती, चिडतही होती. "मी काय गोरी आहे का, मम्मा? मला पण विचारतात, मूळची कुठली म्हणून!" मग हळू आवाजात म्हणाली, "तू येशील? नुसती बस."

मी गेले. खरं सांगायचं तर चर्चेची मला पर्वा नव्हती. ती पूर्व जर्मनीत, येनाला गेल्यापासून मी तिला रोज 'पोहोचलीस का' असा मेसेज टाकत होते. भीती त्या गावाची नव्हती, गाव छान आहे. हॅनोव्हरच्या ट्राममध्येही माझ्याशेजारची जागा सगळ्यात शेवटी भरते, ते मला दिसतं. पण माझ्याबाबतीत मी ते सोडून देते. लेकीबाबतीत परक्यांवरच्या हल्ल्याची प्रत्येक बातमी मी दोनदा वाचते, आणि आता ती शंभर माणसांत उठून दिसेल असं डोकं घेऊन फिरत होती.

चर्चा एका छोट्या वर्गात होती. चाळीसेक मुलं असतील. हरकत घेणाऱ्यांच्या वतीनं एक मुलगी बोलायला उठली. वडील मोझांबिकहून आलेले, आई इथलीच, जन्मही इथलाच, असं तिनं आधीच सांगून टाकलं, बहुधा कुणी विचारायच्या आत. तिचे केस अगदी बारीक कापलेले होते. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, मलाही चिडता आलं असतं. ती शांतपणे बोलली.

"माझेही होते असे. शाळेत फोटोच्या दिवशी सांगितलं, जरा नीट करून ये. कामाच्या ठिकाणी सांगितलं, अस्वच्छ दिसतात. मग एकदा ट्राममध्ये मागे बसलेल्या माणसानं लायटर लावला. मला आधी वास आला, मग कळलं की तो माझाच आहे."

लेकीचा हात आपल्या केसांकडे गेला.

"मला पण त्रास होतो," लेक म्हणाली. "मी गोरी नाही."

"माहीत आहे. म्हणून तर तुझ्याशी बोलतेय."

लेकीचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, भारतात या केसांना पवित्र मानतात, आमच्या देवांनाही जटा आहेत, माझ्या आजीनं यांची पूजा केली. आणि मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "माझी आई इथे बसलीय. तिला विचारा."

चाळीस माना वळल्या. माझं जर्मन ऑफिसपुरतं आहे, त्यातून असं सगळ्यांसमोर बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. मान हलवून 'या, गेनाऊ', म्हणजे 'हो, अगदी', एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. लेक माझ्याकडे इतक्या आशेनं बघत होती. पण डोळ्यांसमोर आत्याची कललेली मान आली आणि मला ते जमलं नाही.

"आमच्याकडे ही हेअरस्टाइल नाही," मी उभी राहून म्हणाले. "माझ्या आत्याला होती. तिला ती नको होती. तिला कापू दिली नाही."

"का?" मागून कुणीतरी विचारलं.

"आंग्स्ट," मी म्हणाले. भीती. हा जर्मन शब्द मला फार चांगला येतो.

"मी सूत्रसंचालन करणार नाही," लेक म्हणाली. तिनं जॅकेट घेतलं आणि बाहेर चालायला लागली. मी मागे. साडेचार वाजले होते आणि अंधार पडला होता. "मला आत्याबद्दल कधीच सांगितलं नाहीस," ती न वळता म्हणाली. "आज सांगितलंस. त्यांच्यासमोर." मी भराभर पावलं टाकून तिला गाठलं.

स्टॉपवर पाच-सहा माणसं होती. त्यांत दोन पुरुष, चाळिशीचे, एकाच्या हातात बेकरीची पिशवी. माझ्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये भेटतील असे. ते आमच्या मागे येऊन उभे राहिले. पिशवीवाला दुसऱ्याला म्हणाला, पण आम्हाला ऐकू येईल अशा बेतानं, "हे किती पटकन पेट घेत असेल, काय वाटतं?" आणि लायटरचा खटका वाजला.

मागे वळावं, ओरडावं, तिला ओढून पुढे न्यावं, यातलं काहीच माझ्याच्यानं झालं नाही. मी फक्त तिची बाही घट्ट धरली. लेकीनं एका झटक्यात हूड डोक्यावर ओढला, सगळी दोरखंडं आत कोंबली आणि मान खाली घातली. ते तिनं इतकं सराईतपणे केलं की मला तेव्हाच कळलं, हे पहिल्यांदा होत नाहीये. 'पोहोचलीस का'ला रोज 'हो' असं उत्तर यायचं. इतकंच यायचं.

खटका पुन्हा वाजला. आणि कुणीतरी आमच्या नि त्या दोघांच्या मध्ये येऊन उभं राहिलं. मघाचीच मुलगी. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, आमच्याशी बोलली नाही. लेकीच्या पाठीला जवळजवळ पाठ लावून, फोन हातात धरून नुसती उभी राहिली. फोन थरथरत होता. तीही आमच्याइतकीच घाबरली होती.

ट्राम आली. ते दोघे चढले नाहीत, हसत राहिले. आम्ही तिघी एका बाकाजवळ उभ्या राहिलो, जागा असूनही. आपल्या स्टॉपला उतरताना ती मुलगी लेकीला म्हणाली, "तुझं म्हणणं मला अजून पटलेलं नाही." लेकीनं मान हलवली. दार बंद होईपर्यंत लेक तिच्याकडे बघत होती.

लेकीची खोली विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, पहिल्या मजल्यावर, समोरच ट्रामचा स्टॉप. आत आल्यावर तिनं दाराला आतून दोनदा किल्ली फिरवली, टेबलावरची कात्री माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे पाठ करून पलंगावर बसली.

"काप," ती म्हणाली. मराठीत म्हणाली.

या एका शब्दाची मी ती सुट्टीला आली त्या दिवसापासून वाट बघत होते. सासूबाईंची नजर चुकवून ती झोपेत असताना कापावी, इथपर्यंत माझं मन गेलं होतं. मी एक दोरखंड हातात घेतलं. ते हलकं होतं, कोरडं, त्याला शाम्पूचा वास येत होता. आत्याच्या जटेसारखं त्यात काही नव्हतं. कात्री उघडली आणि माझी बोटं मिटेनात. देवीची भीती होती का? खोटं कशाला बोलू, तीही होती. इंजिनियर झाले तरी त्याच घरातली ना मी! पण त्याहून जास्त मला तिचे खांदे दिसत होते. ते अजून कापत होते.

"तुला कापायचेत," मी विचारलं, "की तुला भीती वाटतेय?"

तिनं पाय वर घेतले, गुडघ्यांवर हनुवटी टेकली. मग म्हणाली, "मला आत्ता त्यातला फरक कळत नाहीये."

"मग आज नको."

मी कात्री खणात ठेवली. तिला आत्याबद्दल सगळं सांगितलं, उवांसकट, आणि ती कुजबुज सुद्धा. तिनं फक्त एवढंच विचारलं, की आत्या मला का म्हणाली, घरात इतकी मोठी माणसं असताना. मी म्हटलं, मी लहान होते, माझी तिला भीती वाटत नसेल. त्यावर लेकीनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. केस बोचत होते, तरी मी त्यांवरचा हात काढला नाही.

सकाळी तिला लेक्चर होतं. माझी लोकरीची टोपी मी तिला कानांपर्यंत घातली, सगळं आत गेलंय ना ते दोनदा बघितलं. ती हसली आणि गेली. मी खिडकीशी उभी राहिले. स्टॉपवर सात-आठ माणसं होती. ती त्यांच्यात जाऊन उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं, आणि तिनं टोपी काढून खिशात घातली. दोरखंडं खांद्यांवर पडली.

काही कळायच्या आत मी खिडकी उघडून ओरडले होते, "टोपी घाल! टोपी घाल गं!"

भर सकाळी, शांत रस्त्यावर, मराठीत, असेल नसेल तेवढा जोर लावून. स्टॉपवरच्या सगळ्यांनी वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग मी जिला हाक मारत होते तिच्याकडे. मी तोंडावर हात दाबून तशीच उभी राहिले. ट्राम यायला अजून चार मिनिटं होती.