पहिला आकडा

लिलावघरात काकांना सगळे ‘तीनवार’ म्हणतात. जुनी कपाटं, खुर्च्या, घड्याळं, मोडकी शिवणयंत्रं, सगळं त्यांच्या तोंडून विकलं जातं. एक वार, दोन वार, तीन वार. मी तिथे वस्तूंच्या चिठ्ठ्या लिहितो. साहित्याची पदवी आहे म्हणून ते मला पंडित म्हणतात, आणि कपाटाचं वर्णन दोन ओळींच्या पुढे गेलं की चिठ्ठी परत करतात.

गेल्या वर्षी त्यांचा जबडा अडकायला लागला. कानापुढचा सांधा झिजला होता. तोंड उघडलं की आत वाळू चिरडल्यासारखं व्हायचं. एकदा भर लिलावात ‘दोन वार’ म्हणून तोंड तसंच उघडं राहिलं. तिसरा वार आलाच नाही. गिऱ्हाइकं हसली. दुसऱ्या दिवशी मालकांनी वार पुकारायला रेकॉर्ड केलेला आवाज लावून पाहिला. काका मागे उभे होते. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

मग एका रुग्णालयातल्या संशोधनात त्यांना घेतलं. पोटावरच्या चरबीतून पेशी वेगळ्या काढायच्या, त्या सांध्यात टोचायच्या आणि झिजलेलं भरून येतं का ते पाहायचं. निम्म्या लोकांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते टोचणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नाही. चरबी मात्र सगळ्यांचीच काढतात.

“काढतच आहेत तर सगळीच काढा म्हणावं,” काकू म्हणाल्या होत्या.

नियम एकच लक्षात ठेवायचा होता. तीन महिन्यांनी ज्याचं दुखणं दहाच्या मापावर दोन अंकांनी तरी उतरेल, त्यालाच दुसरं इंजेक्शन.

ते तीन महिने काल संपले. काकू बहिणीकडे होत्या, म्हणून मी सोबत गेलो. काका बाकावर टेकत नव्हते. दारापर्यंत जायचे, परत यायचे, कानापुढे बोट दाबून तोंड उघडून बघायचे. शेवटी सिस्टरनी आत बोलावलं. पट्टीने तोंड किती उघडतं ते मोजलं. पहिल्यापेक्षा बरंच जास्त. त्या हसल्या.

“आता सांगा, दहापैकी किती दुखतं?”

“चार.”

सिस्टरचं हसू गेलं. “सुरुवातीलाही चारच सांगितलं होतंत.” त्या डॉक्टरांना विचारायला बाहेर गेल्या.

मला काही कळेना. सुरुवातीला हा माणूस बिस्किट चहात विरघळवून पीत होता.

“काका, तेव्हा चार होतं?”

“आठ असेल. नऊसुद्धा.”

“मग चार का सांगितलंत?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं बोललो. “पंडित, पहिला आकडा कोणी खरा सांगतं का? खालून सुरू करायचं. मला वाटलं, बाई वाढवतील. ‘चारच? पाच? सहा?’ असं विचारतील. त्यांनी लगेच लिहूनच घेतलं.”

अंगात एकशे तीन ताप असताना ‘जरा कणकण आहे’ म्हणणारा माणूस, असं काकू नेहमी सांगतात. आम्हाला ती गंमत वाटायची.

“आता दोन म्हणा,” मी म्हणालो. “हिशेब बरोबरच बसतो. खरंच उतरलंय ना?”

काका उठले. खिडकीपाशी गेले. वजनकाट्यावर चढले, उतरले.

सिस्टर परत आल्या. दार लावून हळूच म्हणाल्या, “नीट आठवून सांगा हं. आज नक्की चारच? की थोडं कमी?”

असं कुणी परत विचारावं, याचीच ते तीन महिन्यांपूर्वी वाट पाहत बसले होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. जबडा हलला, थांबला.

“चारच,” काका म्हणाले. “चूक आजची नाही, तेव्हाची आहे. तेव्हा आठ होतं. मी कमी सांगितलं.”

डॉक्टर आले. त्यांनी सगळं ऐकलं, दोनदा ऐकलं. जुना आकडा बदलता येणार नाही, म्हणाले. शेजारी टीप लिहितो, तपासण्या चालू राहतील. पण दुसरं इंजेक्शन नाही.

“बरोबर आहे,” काका म्हणाले. “पडलेली बोली मीही फिरवत नाही.”

मला मात्र ते बरोबर वाटत नव्हतं. अजून वाटत नाही.

बाहेर बाकावर एक बाई गालावर हात धरून बसल्या होत्या. नवीन असाव्यात. काका पुढे गेले आणि परत फिरले.

“ताई, आत दुखणं विचारतील. पहिल्याच फटक्यात खरं सांगा. इथे कोणी वाढवत नाही.”

बाईंनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

रस्त्यावर ते इतके भरभर चालत होते की मला जवळजवळ पळावं लागलं. चालताना तोंड उघडत होते, मिटत होते. सोमवारी मोठा लिलाव आहे, एका बंद पडलेल्या हॉटेलचं सगळं सामान. मालकांनी तो रेकॉर्ड केलेला आवाज अजून पुसलेला नाही.

“सोमवारी तुम्ही उभे राहणार?” मी विचारलं.

“राहणार.”

“आणि अडकलं तर?”

“तू शेजारी उभा राहा,” काका म्हणाले. “तिसरा वार तू म्हण. दोन ओळींच्या पुढे जाऊ नकोस.”