मामाचा बोकड आणि खट्ट झालेली दारं

बोकडाने आतून गाडी लॉक केली, तेव्हा माझ्या दोन्ही चुलींवरचं पाणी उकळायला लागलं होतं. इंजिन चालू, एसी चालू, चावी आत. बाहेर आम्ही सगळे काचेला नाक लावून उभे. ज्याचं मटण मला शिजवायचं होतं, तो ड्रायव्हरच्या सीटवर उभा राहून आमच्याकडे बघत स्वतःच्या गळ्यातला झेंडूचा हार खात होता.

मी मटणाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. ही ऑर्डर शिवाजी पेठेतल्या एका घरची. पोराचं जावळ होतं, म्हणजे पहिले केस काढायचे आणि पाहुण्यांना मटण घालायचं. त्यांचा देव बिद्रीच्या बाजूला एका मळ्यात आहे. त्यांच्यात रीत अशी, की जावळाचा बोकड पोराच्या मामाने आणायचा आणि देवापुढे न्यायला गाडीतून खालीही त्यानेच उतरवायचा.

मामा म्हणजे वारणानगरचे संपतराव. बोकड टेम्पोतून आणला असता तर काहीच झालं नसतं. पण संपतरावांनी नवी गाडी घेतली होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. ती बहिणीच्या सासरी दाखवायची होती. बोकड मागे बसवला, तर गाडी टिंग टिंग करायला लागली. मागे कोणीतरी बसलंय, त्याला बेल्ट लावा, असं तिचं म्हणणं. लावला बेल्ट, तेव्हा ती गप्प झाली. वारणेपासून मळ्यापर्यंत बोकड बेल्ट लावून आला. संपतरावांनी स्वतःचा बेल्ट पाठीमागून अडकवला होता.

मळ्यात आल्यावर त्यांनी बोकडाचा बेल्ट सोडला, कपाळाला मळवट भरला. मे महिना. उन्हात धापा टाकेल म्हणून एसी चालू ठेवून दार लावलं आणि नारळ ठेवायला देवळात गेले. गाडीचीही पूजा करायची होती, म्हणून चावी हळदीकुंकवाच्या ताटात ठेवलेली, ताट पुढच्या सीटवर. मोबाईल तिथेच चार्जिंगला. ताटातली विड्याची पानं खायला बोकड पुढे आला आणि दारावरच्या बटणावर त्याचा पाय पडला. चारी दारं खट्ट.

लोकांना वाटतं रस्सा म्हणजे मसाला. तसं नाही. मटण आणि हाडं हळद-मीठ घालून शिजवली की जे पाणी निघतं, त्याला आम्ही आळणी म्हणतो. तांबडा त्यातूनच होतो आणि पांढराही त्यातूनच. आळणीला लागतो तेवढा वेळ लागतोच. दुपारी पंगत बसणार होती. बोकड आत राहिला, तर पानात नुसता भात.

"वरवंटा देऊ?" मी संपतरावांना विचारलं.

"कशाला?"

"काच फोडाय."

"आक्का, याड लागलंय काय? परवा घेतलीया गाडी!"

तेवढ्यात त्यांच्या बहिणीची, सुवर्णाची, सासू पुढे आली. "नगा बाई फोडू. भावाची म्हागाची गाडी हाय. आमचं काय, आमी वरण-भात खाऊ की."

सुवर्णाचं तोंड एवढंसं झालं. हा वरण-भात आता आयुष्यभर तिच्या पानात पडणार, हे मला दिसत होतं.

"दादा, फोड की काच!" ती म्हणाली.

"थांब सुवर्णे. कंपनीला सांगू. तिथनं उघडत्यात ही गाडी."

माझ्या मोबाईलवरून फोन लावला. स्पीकरवर एक मुलगी बोलायला लागली.

"सर, माझ्या स्क्रीनवर गाडीत एक बालक दाखवतंय. बालकाला श्वास घेता येतोय का?"

"हार खातंय," मी म्हणाले.

"बालक न्हाय वो, बोकड हाय," संपतराव ओरडले. "कापायचा हाय!"

मुलीने स्क्रीनवरची यादी वाचली. "सर, इथे तसा पर्याय नाहीये. प्रौढ, बालक किंवा पाळीव प्राणी."

"पाळीव टाक," मी म्हणाले. "पाळलाय म्हणूनच कापायचा हाय."

मग ती म्हणाली, मालकाची परवानगी लागेल, नोंदवलेल्या नंबरवर फोन करते. तो नंबर गाडीत. गाडीच्या सगळ्या स्पीकरमधून रिंग वाजायला लागली. बोकड दचकला, समोरच्या मोठ्या स्क्रीनला त्याने नाक लावलं आणि फोन उचलला गेला. मुलीचा आवाज आता गाडीतून बाहेर ऐकू येत होता.

"संपतराव बोलताय का?"

बोकड ओरडला.

"गाडी उघडायला आपली परवानगी आहे का?"

बोकड पुन्हा ओरडला.

"धन्यवाद, सर."

दारं खट्ट करून उघडली. पण दाराला कोणी हात लावेना. बोकड मामानेच उतरवायचा ना! आणि मामा देवळातून अनवाणी आलेले, पाय भाजतात म्हणून लिंबाच्या सावलीत उभे. तिथून ते एका पायावर उड्या मारत गाडीपर्यंत आले, तोवर गाडी परत लॉक झाली. दार वेळेत उघडलं नाही, तर चोराच्या भीतीने ती स्वतःच बंद होते म्हणे.

माझा संयम संपला. पाहुण्यांतल्या एकाला मी मोटरसायकलवरून बिद्रीला पिटाळलं. "मटण आण. हाडं जास्त घाल म्हणावं." मग पुन्हा त्या मुलीला फोन लावला. पुन्हा रिंग वाजली, पुन्हा बोकडाने परवानगी दिली. या खेपेला मी हँडल धरूनच उभी होते. दार उघडलं आणि फटीत पाय घातला.

"आक्का, मामाचा मान हाय!" सासू म्हणाली.

"मान मागनं. आदी दार."

संपतरावांनी बोकड उतरवून देवापुढे नेला. गुरवाने टाकीतलं तांब्याभर पाणी त्याच्या पाठीवर ओतलं. पाणी पडल्यावर बोकडाने अंग झाडलं, की देवाने तो घेतला असं धरतात. झाडलं नाही, तर घरात कोणाचं तरी चुकलंय. ते त्याने कबूल करायचं आणि पुन्हा पाणी ओतायचं.

बोकड हलला नाही.

"देवा, गाडीचा तोरा केला, चुकलं," संपतराव म्हणाले. पाणी ओतलं. काही नाही.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग सासूकडे बघायला लागले.

"काय बगताय? म्या काय केलं?"

"वरण-भात," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे असं बघितलं, की चूल विझली असती. पण देवापुढे काय करणार? "सुनंला बोलली ते चुकलं," ती देवाला म्हणाली. "परत वरण-भाताचं नाव काडणार न्हाय." गुरवाने पुन्हा तांब्या ओतला. बोकडाने डोळे मिटले आणि उभ्या उभ्या रवंथ करायला लागला.

"देवाला नको हाय," गुरव म्हणाला. विषय संपला. नको म्हटलेला बोकड कापत नाहीत, देवाच्या नावाने सोडतात.

देवाचं मला माहीत नाही. बोकड थंडगार गाडीतून आला होता आणि टाकीतलं पाणी उन्हाने तापलेलं होतं. गरम पाण्याची आंघोळ मिळाल्यावर कोण अंग झाडेल?

बिद्रीच्या मटणावर आळणी काढली. पंगत उशिरा बसली, पण बसली. सुवर्णाच्या सासूने पांढरा दोनदा मागून घेतला आणि वरण-भाताचं नाव काढलं नाही. परतताना बोकड मागच्या सीटवर, बेल्ट लावून.

आता ऑर्डर घेताना माणसं किती ते मी नंतर विचारते. आधी विचारते, बकरं कशातनं येणार. टेम्पो म्हणाले, तरच हो म्हणते.

संपतरावांनी ती गाडी विकली. बोकड वारणानगरला आहे. जिवंत.