वार मोजून झाल्यावर

चेन्नईत अड्यारच्या एका खेळांच्या दुकानात दर रविवारी आम्ही लढाईचे पत्ते खेळायचो. तिथले एक तंजावरी मराठी गृहस्थ मला अजिबात आवडत नसत. समोरच्याने वार जाहीर केला की तो मोजण्याआधीच तोडीचा पत्ता टाकता येतो, नंतर नाही. हे गृहस्थ समोरच्याची सगळी ताकद संपेपर्यंत मिशी चोळत बसत आणि मग तमिळ ढंगात हळूच म्हणत, "झालं का, पा? आता माझं बघ." कुणाचा तोडीचा पत्ता जरा उशिरा पडला, तर वेळ गेली म्हणून तो चालू देत नसत. हा नवख्यांवर अन्याय आहे, असं मी चारचौघांत बोललोही होतो.

एकदा अंतिम डावात मी त्यांच्यावर शेवटचा वार मोठ्याने जाहीर केला. ते कॉफी वाटीत ओतून गार करत होते. मी वार मोजला, जिंकलो. तेव्हा त्यांनी हातातला एकमेव पत्ता उलटून दाखवला. तो तोडीचा होता; वेळेवर पडता तर मीच हरलो असतो.

"कॉफीच्या नादात राहिलं तुमचं. टाका आता," मी म्हणालो.

"तू मोजलास ना? वेळ गेली, पा. सगळ्यांना हेच सांगतो मी."

मला एकदम हलकं वाटलं. या माणसाशी भांडायचं आता कारणच उरलं नव्हतं.

"आणि चारचौघांत आता काय बोलणार तू?" कॉफी माझ्यापुढे सरकवत त्यांनी विचारलं.