शाल कुणाच्या अंगावर होती

हट्ट माझाच होता. बाबा म्हणत होते, "मला काय करायचंय डोंगर बघून? झाड तर गेटवरबी होतं." चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर वॉचमनची नोकरी केली. गेटसमोरचं कडुनिंबाचं झाड, एवढंच त्यांचं जंगल. आमच्या कॉलनीतल्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्याची एका दिवसाची सहल ठरवली, गाईडसकट. मी परस्पर दोन नावं देऊन टाकली. माझा स्वभावच मेला तसला, विचारायचं नाही, ढकलायचं.

बाबांचं एक सांगते. एकदा रात्रपाळीला त्यांना डुलकी लागली. कुणी बघितलं नव्हतं, काही चोरीला गेलं नव्हतं. तरी सकाळी हे साहेबापुढं जाऊन उभे, "साहेब, माझा डोळा लागला होता." मेमो घेऊन घरी आले. आई तेव्हा होती, कपाळावर हात मारून म्हणाली, "लई हरिश्चंद्र लागून गेलात! गप बसला असता तर जीभ झडली असती का?" बाबा म्हणाले, "झोपलो ते झोपलो. वर आणि खोटं कशाला?"

थंडीचे दिवस होते. गाडीत बाबांनी रिटायरमेंटच्या सत्कारात मिळालेली शाल पांघरली होती. तपकिरी, जाडजूड. लग्नकार्यालाही तीच असायची.

गाईड तिशीतला, तिथल्याच गावचा. चढायला लागण्याआधी त्यानं समोरच्या कड्याकडं बोट केलं. मधमाश्यांची काळी पोळी लोंबत होती. "आग्यामोहोळ हाय. उठलंच तर पळू नका. अंगावर कापड घ्या, तोंड झाका, खाली बसा. आन म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडू नका." मग बाबांकडं बघून हसला. "बाबा, तुमची शाल लई कामाची बघा."

अर्ध्या वाटेत ऊन चढलं. बाबांनी शाल काढून माझ्याकडं दिली आणि एका दगडावर टेकले. "जरा दम खाऊ दे." बाकीचे पुढं गेलेले. मी वैतागले, "बाबा, तुमच्यापायी वरचा धबधबा बघायचा राहील आपला." ते गुडघे चोळत राहिले. तेवढ्यात खालून धुराचा वास आला. दुसऱ्या कुठल्या तरी टोळक्यानं कड्याखाली चूल पेटवली होती.

वरून गाईड ओरडला, "बसा! खाली बसा!" मग तो आवाज आला. पहिली माशी मला कानामागं चावली. मी शाल उलगडली, डोक्यावरून घेतली आणि पळाले. जाताना "बाबा, हलू नका" म्हणाले. एवढं म्हणायला सवड होती मला.

बाबा हलले नाहीत. मी सांगितलं होतं ना.

गाईडनं त्यांना पाठीवर घालून खाली आणलं. स्वतःचा शर्ट त्यानं बाबांच्या तोंडावर टाकला होता, त्याची उघडी पाठ सुजून लाल झाली होती. जो तो आपापलं अंग सांभाळत होता. मी पुढं होऊन शाल बाबांच्या अंगावर घातली. गाईडनं शालीकडं बघितलं, मग माझ्याकडं. बोलला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले, विष किडनीत उतरलंय. बाबा तीन दिवस शुद्धीत होते. भाऊ पुण्याहून आला, आत्या देवगाव रंगारीहून आली. भावानं विचारलं, "कसं झालं हो हे?" बाबांचे डोळे सुजून मिटले होते. म्हणाले, "हिनं शाल टाकली माझ्यावर. नायतर तिथंच गेलो असतो."

मी खाली बघत राहिले. सगळे चहाला गेल्यावर मी त्यांचा हात धरला. "बाबा, खोटं का बोललात हो?"

"मी चाललो," ते म्हणाले. "तुला ऱ्हायचंय ह्यांच्यात."

चौथ्या दिवशी गेले.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घर भरलं होतं. बुद्धवंदना झाली. मी मनाशी पक्कं केलं होतं, आज सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. तेवढ्यात भाऊ उठला. त्याच्या हातात ती शाल होती, धुऊन घडी घातलेली. "बाबांना हिनं जीव धोक्यात घालून चार दिवस जास्तीचे दिले," असं म्हणाला आणि रडायला लागला. रडत रडत त्यानं ती माझ्या खांद्यांवर घातली. आत्या म्हणाली, "लेक असावी तर अशी!" माझं तोंड उघडलं होतं. ते मी मिटलं.

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, बापासाठी रडतेय.