कमूबायची साक्ष

आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष द्यायला माणसं कधी कमी पडत नाहीत. गाणं संपलं की कोणीतरी उठतंच. मी दारू प्यायचो, प्रभूनं सोडवलं. माझी कंबर धरली होती, प्रार्थनेनं सुटली. मी पुढं बसून पेटी वाजवते, त्यामुळं सगळ्यांची तोंडं मला दिसतात आणि कोण कुठल्या वाक्याला रडणार तेही आता आधीच कळतं. कमूबाय मात्र कधी साक्षीला उठली नाही. ती मागं भिंतीला टेकून बसायची. मंडळीतला मंगेश साक्षीला उभा राहिला की तिची नजर अशी व्हायची, की मी मान खाली घालून पेटीच्या पट्ट्या पुसत बसायची.

कमू पोशेऱ्याची. आई गेली तेव्हा ती स्वतःच पोर होती आणि धाकटा भाऊ, काळ्या, नुकता रांगायला लागला होता. त्याला पाठीशी बांधून तिनं दुसऱ्यांच्या भाताची लावणी केली, मोहाची फुलं वेचली. लग्नही केलं ते ‘भाऊ माझ्याजवळ राहील’ या अटीवर. नवरा बिचारा हो म्हणाला, कमूला नाही म्हणणं कोणाला जमलं आहे? एकदा टँकर आलाच नाही, तेव्हा तिनं पाड्यावरचे सगळे रिकामे हंडे सरपंचाच्या दारात नेऊन मांडले. त्याच्या बायकोला घरात जायला वाट उरली नाही. संध्याकाळी टँकर आला. कमूच्या तोंडाला लागू नये असं तेव्हापासून सगळेच म्हणतात.

काळ्या पोरवयात प्यायचा, आमच्याकडं त्यात कोणाला नवल नाही. पण मंडळीत आला आणि त्यानं सोडली, खरंच सोडली. लग्नाकार्यात लोक आग्रह करून थकले. मग एका दिवाळीनंतर तो मंगेश मुकादमाबरोबर भिवंडीकडं वीटभट्टीवर गेला आणि परत आला तो टेम्पोतून, चादरीत गुंडाळलेला. मंगेश सांगत आला, पिऊन खड्ड्यात पडला. पंचनाम्यातही तेच लिहिलं. बरोबरच्या मजुरांतला एकही साक्ष द्यायला पुढं आला नाही. त्यांनाही पुढच्या साली कामावर जायचं होतं.

आणि आमची मंडळी! आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. पाळकांनी कबरीशी उभं राहून सांगितलं, पापाचा शेवट असाच होतो, तरुणांनी धडा घ्यावा. समोर बहीण उभी, हात मातीनं भरलेले, आणि यांना धडा सुचत होता! मंडळीच्या पुढाऱ्यांनी ठरवलं, विश्वासातून मागं फिरलेल्याच्या कबरीवर क्रूस नको. “माझा भाऊ पिलेला नव्हता,” एवढंच कमू म्हणत राहिली. कोणी ऐकलं नाही. ईस्टरच्या आधी आम्ही सगळे माळावरच्या कबरी झाडतो, क्रूसांना रंग देतो. कमू नुसत्या दगडांना चुना लावून यायची.

काही वर्षांनी तोच मंगेश मंडळीत आला. मुकादमी सुटली होती, दारू सोडायची होती. बाप्तिस्मा झाला, पांढरा शर्ट आला, साक्ष सुरू झाली. दारू सांगायचा, जुगार सांगायचा, बायकोला मारलेलं सांगायचा, ती समोर बसून डोळे पुसायची. भट्टीचं अवाक्षर नाही. सोयीची पापं ओरडून सांगायची आणि गैरसोयीचं गिळून टाकायचं, ही कुठली साक्ष? पण लोक हालेलुया म्हणायचे आणि मला मागून सूर धरावा लागायचा.

यंदाच्या उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची गोष्ट. त्या दिवशी प्रभूनं क्रूसावरून काढलेल्या सात शब्दांवर सात जण बोलतात. शेजारी टांगलेल्या चोराला प्रभू म्हणाला, ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’, तो शब्द मंगेशच्या वाट्याला आला होता. वर पत्रा तापलेला, पंखा नुसता गरम वारा ढकलत होता. मंगेश म्हणाला, “मीच तो चोर. प्रभूनं माझं सगळं पाप धुतलं. काही शिल्लक ठेवलं नाही.”

“काळ्या शिल्लक हाय,” मागून आवाज आला.

कमू उभी होती. पाळक म्हणाले, “कमूबाय, बसा. आज शोकाचा दिवस आहे.”

“शोकाचाच हाय, म्हणून तं उठली. सगळी साक्ष देतात, आज मी देते.”

ती चालत माझ्या पेटीजवळ आली. मंगेशपासून हातभर अंतरावर.

“त्या चोराला पन खिळं ठोकलं होतं, मंगेश. उन्हात, सगळ्या लोकांपुढं. मी केला, असा तो आपल्या तोंडानं बोलला. क्रूस काय घरात दार लावून उभा केला होता? तू कसला चोर? सांग, माझा भाऊ पिला होता?”

मंगेशनं पाळकांकडं बघितलं. पाळकांनी पुस्तकात बघितलं. तेव्हा बायकांच्या बाजूनं मंगेशची बायकोच हळू म्हणाली, “सांगा ना.”

“नव्हता,” मंगेश म्हणाला. मग भडाभडा बोलला. मातीचा ढीग खालून पोखरला होता. काळ्या म्हणत होता, इथं नको खणू, बसंल. मंगेशनंच शिवी देऊन त्याला खाली घातलं. ढीग बसला. बाहेर काढला तेव्हा जीव गेलेला. भट्टीवाला म्हणाला, पिलेला होता असं सांग. “वास यावा म्हणून तोंडात दारू मीच ओतली,” मंगेश म्हणाला आणि खाली बसला.

मेलेल्याच्या तोंडात! जन्मभरासाठी ज्यानं सोडली त्याच्या तोंडात! मला मंगेशला पेटी फेकून मारावीशी वाटली. या वेळी कोणी हालेलुया म्हटलं नाही. कमू रडली नाही, तशीच दाराबाहेर निघून गेली.

शनिवारी पाळकांनी घाईघाईनं सागाचा क्रूस करून घेतला. ऊन उतरल्यावर आम्ही माळावर जमलो. क्रूस मंगेशच्या खांद्यावर होता. कमू काळ्याच्या कबरीशी गवत उपटत बसली होती. पाळकांनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. त्यात खोट नव्हती, तेवढं मी म्हणेन. मग ते म्हणाले, “काळ्या निर्दोष होता हे सिद्ध झालं. आता त्याच्या कबरीवर क्रूस हक्कानं लागेल.”

मला वाटलं, आता तरी बाई मोकळी होईल. पण शुक्रवारी नव्हता असा राग तिच्या तोंडावर चढला.

“आनि पिलेला असता तं?”

ती हातातलं गवत टाकून उठली.

“पिऊन मेला असता तं नसता लावला? मग हा क्रूस कोनासाठी हाय? चांगल्या चालीचा दाखला दाखवला की भेटतो का? त्या चोराचा कोनी दाखला बघितला होता?”

पाळकांचा चेहरा उतरला होता.

काळ्याच्या पलीकडं, कुंपणाला लागून, ठकी आहे. नवऱ्याचा मार सोसेना म्हणून तिनं विष घेतलं. स्वतःचा जीव घेणं पाप, म्हणून तिलाही क्रूस दिला नाही, आणि तिच्यासाठी भांडायला कोणी बहीणही नव्हती. कमूनं मंगेशच्या खांद्यावरचा क्रूस ओढून घेतला आणि नेऊन ठकीच्या उशाशी उभा धरला.

“पहिला हिला लावा. माझ्या भावाला दुसरा करा.”

“कमूबाय,” पाळक चाचरत म्हणाले, “तिनं तर स्वतःच...”

“मला ठाऊक हाय तिनं काय केला. खड्डा खना.”

मंगेशनं पहार उचलली. पाळक गुडघ्यांवर बसून हातांनी ठकीवरचे दगड बाजूला करायला लागले.