रोज एक परका माणूस

खालापूरला कर्जतच्या एसटीची वाट बघत बसलो होतो. शेजारी बसलेल्या मुलीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं आणि एकदम विचारलं, "काका, तुमी माझी मुलाखत घ्याल?"

मी चक्रावलो. ती अकरावीला होती. तिला फार्मसीला जायचं होतं, आणि तिच्या मनातल्या कॉलेजात प्रवेशाआधी मुलाखत घेतात, असं तिने ऐकलं होतं.

"अगं, अजून तुझी बारावी व्हायची आहे," मी म्हणालो.

"हाय ना. पण परक्या माणसासमोर माझा आवाजच फुटत नाय. म्हणून रोज एकाला धरते."

मला गंमत वाटली. मी सावरून बसलो. "फार्मसीच का?"

समाजसेवा वगैरे पाठ केलेलं उत्तर तिने भराभर सुरू केलं आणि मध्येच थांबली.

"खरं सांगू? आईनं बाबांची शुगरची गोळी डोकेदुखीची समजून घेतली. दोन्ही पांढऱ्याच. चक्कर येऊन पडली. वाचली, पण दुकानात तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं, आन् तिनंपण इचारलं नाय. आमच्यात कुणी इचारतच नाय."

"तिथे हेच सांग."

"हे सांगताना आवाज कापतो."

"कापू दे."

ती हसली. तेवढ्यात तिची गाडी आली आणि नाव विचारायचं राहून गेलं. ती मुलाखतीला बसेल तेव्हा समोरचा माणूस तिला असं मध्येच थांबू देईल का, हा विचार अजून माझ्या मनात येतो.